सदरसाहेबांच्या खिशातलं टपाल

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते आणि मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं. जामच्या चौरस्त्यावर त्या वेळी हैदराबादकडे आणि चंद्रपूरकडे जाणारे ट्रक सोडले तर कुणी नसतं. दोन मोटरसायकली येऊन थांबल्या, चौघं उतरले. तालुक्यातल्या एका गावच्या कब्रस्तान कमिटीची माणसं, ओळखीचीच. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत झेरॉक्स आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या आदल्या रात्रीचा भाव. वक्फ मिळकतींची माहिती 'उम्मीद' पोर्टलवर चढवायची मुदत संपत आली होती. सातबारा होता, जुन्या गॅझेटची प्रत होती. नव्हतं ते एक पत्र. कब्रस्तानाच्या हद्दीबद्दल २०१९ साली एका कार्यालयाने ईमेलने दिलेलं उत्तर, सोबत मोजणीचा नकाशा.

मी म्हटलं, "मेल उघडा, प्रिंट काढून देतो."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मेल जुन्या सदरसाहेबांच्या खात्यावर आला होता. सदरसाहेब २०२१ च्या दुसऱ्या लाटेत अल्लाहला प्यारे झाले. पासवर्ड त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. नवा पासवर्ड मागितला तर ओटीपी त्यांच्या नंबरवर जातो. तो नंबर लावला तर पलीकडून एक भला माणूस तेलुगूत बोलला. सिम बंद पडलं की काही महिन्यांनी नंबर दुसऱ्याच्या वाट्याला जातो, तसा तो गेला होता. राहिला फोन. तो नातवाकडे होता आणि नातवाने गेमसाठी जागा हवी म्हणून सगळा साफ केला होता. दहा वर्षांचं पोर ते, त्याला काय बोलणार?

साडेबारापर्यंत आम्ही खटपट केली. माझ्या बायकोने दोनदा चहा पाठवला. शेवटी पत्राविनाच फॉर्म भरला.

त्यानंतर आमच्या भागात जिथे जावं तिथे चर्चा एकच, की सरकारने सहा महिन्यांचीच मुदत का दिली. ६ जून २०२५ ला पोर्टल सुरू झालं, शेकडो वर्षांच्या मिळकतींचे कागद सहा महिन्यांत गोळा करा म्हणणं हा अन्याय आहे, हे मलाही मान्य आहे. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि चांगलं लिहीत आहेत. पण ते २०१९ चं पत्र सरकारने हरवलेलं नाही. ते आलं होतं. वेळेवर आलं होतं, नकाशासकट आलं होतं. ते आम्ही हरवलं. एका माणसाच्या खिशात ठेवलं, तो माणूस कब्रस्तानात गेला आणि त्याच्याबरोबर कब्रस्तानाचा कागदही गेला.

चंद्याच्या पाच रुपयांची रसीद आम्ही फाडतो. रसीद बुकाची दुसरी प्रत खजांचीच्या लोखंडी पेटीत वर्षानुवर्षं राहते. ईदच्या शामियान्याचा हिशेब जुम्म्याच्या नमाजनंतर उभं राहून वाचून दाखवला जातो. दहा रुपयांचा फरक निघाला तर महिनाभर बोलाचाली बंद. पैसा अमानत आहे हे आम्हाला बरोबर कळतं. मग जमातीच्या नावाने आलेलं पत्र अमानत नाही का? ते एका व्यक्तीच्या फुकट खात्यात, तिच्या एकटीच्या पासवर्डमागे, कुठल्या तरी परदेशी कंपनीच्या मशीनवर ठेवलं, की त्याची रसीद कुणी मागायची?

मी हे बोलतो तेव्हा लोक विचारतात, तू काय करतोस? मी माझं सगळं टपाल एका टेक्स्ट एडिटरमध्ये वाचतो, तिथेच लिहितो, तिथूनच पाठवतो. एडिटरचं नाव ईमॅक्स. टेक्स्ट एडिटर म्हणजे जिथे फक्त मजकूर लिहितात, ना ठळक अक्षरं ना रंगीत चौकटी, असा प्रोग्राम. मेल आधी माझ्या लॅपटॉपच्या डिस्कवर उतरतो, मग मी तो वाचतो. दुकानात ट्रकवाल्यांची विमापत्रं, विद्यार्थ्यांचे फॉर्म, पेन्शनरांचे दाखले हे सगळं चालू असताना कोपऱ्यातल्या जुन्या लॅपटॉपवर ही काळी खिडकी उघडी असते. माझा भाचा पुण्याला हिंजवडीत नोकरी करतो. बकरीदला आला होता, बघून हसला. "मामू, ये क्या टाइपरायटर लेके बैठे? फोन में सब है."

फोन में सब है. या एका वाक्याशी माझं भांडण आहे. सदरसाहेबांच्या फोनमध्येही सगळं होतं.

आता हे जमवायचं कसं ते सांगतो. थोडं सविस्तर सांगतो, कारण "ते कॉम्प्युटरवाल्यांचं काम" म्हणून उडवून लावणाऱ्यांना निदान ते काम किती आहे हे कळावं. मला चार संध्याकाळ लागल्या. त्यातल्या दोन वाया गेल्या.

ईमॅक्स स्वतः मेल आणत नाही, म्हणजे आणू शकतो, पण मी ते काम वेगळ्या हरकाऱ्याला दिलं आहे. त्याचं नाव एमबीसिंक. तो आयमॅप नावाच्या पद्धतीने कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो आणि प्रत्येक मेल एकेक फाइल करून माझ्या डिस्कवर ठेवतो. या मांडणीला मेलडिर म्हणतात. प्रत्येक कप्प्यात तीन फोल्डर असतात: नवं आलेलं, पाहिलेलं आणि उतरवणं चालू असलेलं. फाइलच्या नावाच्या शेपटीला एस लागला की मेल वाचलेला आहे, आर लागला की उत्तर दिलेलं आहे. एवढंच. यात कसलंही गुपित नाही, कुठली कंपनी बंद पडली म्हणून ही फाइल वाचता येईना असं होणार नाही. दुसरा प्रोग्राम म्यू, तो या सगळ्या फाइलींची सूची बांधतो. ती सूची ईमॅक्समध्ये दाखवणारा त्याचाच भाग म्हणजे म्यू-फोर-ई. पाठवायला एमएसएमटीपी. पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये. ईमॅक्सला हे सगळं सांगणाऱ्या माझ्या ओळी एकतीस आहेत. सहाशे ओळी लिहून त्या मिरवणारे शौकीनही आहेत. त्यांच्या नादी लागू नका. त्यांनीच हे काम विनाकारण पीर-मुरीदीचं करून ठेवलं आहे.

पहिली संध्याकाळ पासवर्डात गेली. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांना साध्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्रामकडून दार उघडू देणं बंद केलं. आधी दुहेरी पडताळणी चालू करायची, मग खास त्या प्रोग्रामसाठी सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यायचा. हे मला तीन तासांनी कळलं. दुसरी संध्याकाळ दुहेरी मेलांनी खाल्ली. जीमेलमध्ये फोल्डर नसतात, चिठ्ठ्या असतात. एकाच मेलला तीन चिठ्ठ्या चिकटवल्या तर बाहेरून तो तीन फोल्डरांत दिसतो आणि शिवाय 'ऑल मेल' मध्ये चौथ्यांदा. सगळं उतरवायला सांगितलं तर डिस्क भरते. मी आता फक्त इनबॉक्स, पाठवलेलं आणि कमिट्यांच्या चिठ्ठीचा कप्पा एवढंच उतरवतो.

एक इशारा इथेच देतो, कारण यात माणूस फसतो. मेल जुळवून घेणं आणि मेल जपून ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एमबीसिंकला तुम्ही दोन्ही बाजू सारख्या ठेव म्हणालात, तर सर्व्हरवरून पुसलेलं तो घरातूनही इमानदारीने पुसेल. म्हणून पुसण्याची परवानगी त्याला द्यायचीच नाही. माझ्याकडे ती बंद आहे आणि महिन्याच्या शेवटी सगळं एका वेगळ्या हार्ड डिस्कवर जातं.

आणि मराठी? हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. "असल्या प्रोग्रामांत मराठी कुठे चालते?" असं ठणकावून सांगणारे बहुतेक लोक स्वतः सरकारी कार्यालयाला रोमन लिपीत "Sir" ने सुरू होणारं अर्धवट इंग्रजी लिहितात. ईमॅक्समध्ये कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबली की लिपी बदलते. इनस्क्रिप्ट येत असेल तर इनस्क्रिप्ट. त्यात 'दुसऱ्या', 'पुढाऱ्यांनी' लिहायला लागणारा तो ऱ शिफ्ट-जे वर आहे. नसेल येत तर आयट्रान्स, म्हणजे इंग्रजी कळांवर उच्चाराप्रमाणे टाइप करत जायचं. ही आयट्रान्सची रीत अविनाश चोपडे यांनी बसवली. ईमॅक्सच्या आत भारतीय लिप्यांची सोय करणारं काम कावाबाता ताइची या जपानी माणसाने केलं. आणि पडद्यावर क आणि ष जुळून क्ष उमटतो, रफार जागेवर बसतो, वेलांटी अक्षराच्या आधी जाते, ते काम आता हार्फबझ नावाची लायब्ररी करते. ईमॅक्सने ती ऑगस्ट २०२० मधल्या २७.१ या आवृत्तीपासून घेतली. फायरफॉक्समध्ये, क्रोममध्ये, तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही तीच आहे.

हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पतंगबाजसारखा 'हर्फबाज' वाटला. तसं नाही. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. ओपनटाइप या इंग्रजी नावाचं केलेलं फारसी. ते ठेवणारे बेहदाद इस्फहबोद हे इराणी-कॅनेडियन. जानेवारी २०२० मध्ये ते घरच्यांना भेटायला तेहरानला गेले तेव्हा क्रांतिरक्षक दलाच्या गुप्तचरांनी त्यांना उचललं, सात दिवस कोठडीत ठेवलं आणि त्यांची खासगी माहिती, खात्यांमधल्या मजकुरासह, उतरवून घेतली. हे त्यांनी त्याच ऑगस्टमध्ये जगाला सांगितलं. माझी मराठी जोडाक्षरं ज्याच्या मेहनतीने नीट दिसतात, त्याच्या आयुष्यातला एकेक मेल मुस्लिम म्हणवणाऱ्या एका हुकुमतीने वाचून काढला. टपाल वाचण्याची हौस कुठल्या एका धर्माच्या किंवा पक्षाच्या सरकारची मक्तेदारी नाही, हे आमच्यातल्या काही भोळ्या लोकांनी लक्षात घ्यावं.

मराठी मेलात एक अडचण मात्र खरी आहे. मेलची पद्धत जुनी, इंग्रजी अक्षरांपुरती बांधलेली. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, प्रत्येक हलन्त तीन बाइट घेतो, आणि प्रवासासाठी त्या तिनांची चार इंग्रजी अक्षरं केली जातात. 'कब्रस्तान' हा शब्द वाटेत छत्तीस इंग्रजी अक्षरांचा होतो. त्यामुळे फाइलींमध्ये सरळ 'कब्रस्तान' शोधलं तर एकही सापडत नाही, हजार मेल असले तरी. म्हणून ती म्यूची सूची लागते. ती आधी उलगडते आणि मग नोंदवते. जुन्या क्रुतीदेव फॉन्टात लिहिलेले मेल मात्र मेलेच समजा. फॉन्ट गेला की उरतो तो इंग्रजी अक्षरांचा कचरा. दहा-पंधरा वर्षांपूर्वी आम्ही असा कितीतरी कचरा अभिमानाने 'मराठीत' पाठवला आहे.

भाच्याने पुढचा सवाल टाकला, आणि तो योग्य सवाल होता. "थंडरबर्डनेही मेल डिस्कवर उतरतो. माऊस चालतो, बटणं आहेत. मग ईमॅक्सच कशाला?" बरोबर आहे. ज्याला थंडरबर्ड जमतो त्याने खुशाल वापरावा, माझी काही हरकत नाही. मी ईमॅक्स वापरतो कारण माझं बाकीचं लिखाणही तिथेच आहे. कमिटीच्या बैठकीचा वृत्तान्त मी त्याच खिडकीत लिहितो. 'अमुक कार्यालयाला पत्र पाठवायचं ठरलं' असा ठराव लिहिला की त्याच ओळीखाली त्या पत्राचा दुवा चिकटवतो. उत्तर आलं की त्याचाही. चार वर्षांनी कुणी विचारलं, या ठरावाचं पुढे काय झालं, तर ठरावावर जाऊन एक कळ दाबायची, पत्र समोर. सोळा वर्षांचा पोरगा ते करू शकतो. सदरांच्या आठवणीवर काही सोडावं लागत नाही. आमच्या कमिट्यांमध्ये सदरांची आठवण हेच दफ्तर असतं, आणि सदर बदलला की दफ्तर बदलतं. कधी कधी मुद्दामच बदलतं, हेही बोलून टाकतो.

यावर उत्तर म्हणून मला हमखास ऐकवलं जातं, की आपल्या लोकांना हे जमणार नाही, त्यांना सोपं काहीतरी द्या. ट्रक ड्रायव्हर माझ्याकडे येतो, त्याचा मेल आयडी तिसऱ्याच कुणी काढलेला असतो, पासवर्ड चौथ्याला माहीत असतो आणि गाडीचा कागद त्या मेलमध्ये अडकलेला असतो. हे 'सोपं' म्हणून त्याला कुणीतरी दिलेलं आहे. सोप्याची किंमत तो चौरस्त्यावर दोन तास उभा राहून भरतो. आणि आपल्या लोकांना जमत नाही म्हणता, ते कोण? हिंगणघाटला ज्यांनी जिनिंगमधली मशीनं उघडून जोडली ते आपलेच. इंजिन डोळे मिटून बांधणारे मिस्त्री आपलेच. कुराण न समजणाऱ्या भाषेत तोंडपाठ करणारी आठ वर्षांची पोरं आपली. त्यांना एकतीस ओळी जमणार नाहीत? ज्यांना नको आहे ते शिकलेले आहेत. व्हाइट कॉलरवाले. ते 'कौम की तरक्की' वर दोन तास भाषण करतील, पण जमातीच्या मेलचा पासवर्ड दुसऱ्याला द्यायचा म्हटलं की त्यांना नेटवर्क नसतं.

दुसरा सूर हळू आवाजात येतो. काळी खिडकी, हिरवी अक्षरं, आणि नाव आपलं असं. कुणी पाहिलं तर? ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले आणि वाहिन्यांना आलेला मेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या वायफायवरून गेल्याचं निघालं. त्याचं वायफाय कुणीतरी परस्पर वापरलं होतं. त्या दिवसांत मी एका सायबर कॅफेत कामाला होतो. गिऱ्हाइकांची नावं वहीत लिहायची, ओळखपत्राची झेरॉक्स घ्यायची. आणि मी रिकाम्या वेळी लिनक्स शिकत असे. मालक चांगला माणूस, त्याने बाजूला घेऊन सांगितलं, "काही दिवस ती काळी खिडकी उघडू नको बाबा. लोक विचारतात." मी उघडली नाही. जवळजवळ वर्षभर. त्या वर्षाचा मला आजही राग आहे, मालकाचा नाही, माझाच. ज्या गोष्टीत लपवण्यासारखं काही नव्हतं ती मी लपवली. डिस्कवर साध्या मजकुराच्या फाइलीत पडलेला मेल ही जगातली सगळ्यात न लपलेली गोष्ट आहे. कुणीही यावं, उघडावं, वाचावं.

मग कुणी म्हणेल, घरच्या डिस्कवर ठेवलं की सुरक्षित झालं का? नाही. नागपूर इथून जवळच आहे. तिथले वकील सुरेंद्र गडलिंग भीमा कोरेगाव प्रकरणात २०१८ मध्ये पकडले गेले. अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक संस्थेने २०२१ मध्ये अहवाल दिला, की मेलमधून आलेल्या घातक प्रोग्रामच्या वाटेने कुणीतरी त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये घुसलं होतं आणि तिथे कागद पेरले होते. रोना विल्सन यांच्या लॅपटॉपबद्दलही त्यांनी तेच सांगितलं. तपास यंत्रणांना हे मान्य नाही, पण प्रत्येक कमिटीने ते वाचावं असं आहे. ईमॅक्सने ते वाचले असते असा दावा मी करणार नाही. टेक्स्टमध्ये मेल वाचताना चित्रं आपोआप उतरत नाहीत, त्यामुळे तुम्ही मेल कधी उघडला हे पाठवणाऱ्याला कळत नाही, आणि जोडलेली फाइल आपण होऊन काही करत नाही. पण ती फाइल बाहेर काढून उघडणारा हात तुमचाच असतो. तो हात आवरावाच लागतो.

कागद कोर्टात लागतात तेव्हा काय होतं, याचंही एक उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर निवडून आले. कैलास गोरंट्याल यांनी आव्हान दिलं की अर्ज वेळ संपल्यावर घेतला, आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा. ते चित्रण पुराव्यात घ्यायला लागणारं प्रमाणपत्र मिळेना. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ जुलै २०२० ला न्यायालयाने सांगितलं: मूळ उपकरणच हजर केलं नाही तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, उपकरणाचा मालक स्वतः साक्षीला उभा राहून ते सादर करत असेल तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात आता नोंदीचा हॅशही लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. एक स्वल्पविराम बदलला तरी अंगठा बदलतो. आता सांगा, व्हॉट्सॲपवर फिरत फिरत आलेल्या स्क्रीनशॉटचा कसला अंगठा घेणार? मेलडिरमधली फाइल मात्र पूर्ण असते, कुठून निघाली, कुठल्या सर्व्हरवरून किती वाजता गेली त्या सगळ्या शिक्क्यांसह. तिचा अंगठा एका ओळीच्या हुकुमात निघतो. बाकी वकिली बारकावे वकिलांना विचारा, मी झेरॉक्सवाला आहे.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. ईमॅक्स फुकट आहे म्हणून मी तो घेतलेला नाही. फुकट तर सदरसाहेबांचं खातंही होतं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये जीएनयू ईमॅक्स लोकांना दिला. ज्या परवान्याखाली तो आज मिळतो त्याची अट अशी: वापरा, बदला, वाटा, पण पुढे देताना याच अटींवर द्या, कुणालाही तो कुंपणात घालता येणार नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून बसलो. ही तर वक्फची शर्त आहे. एकदा दिलं की दिलं. देणाऱ्याला मागे घेता येत नाही, सांभाळणाऱ्याला विकता येत नाही, फायदा मात्र येणाऱ्या प्रत्येकाचा. स्टॉलमन स्वतः नास्तिक आहेत, त्यांना ही तुलना आवडेल की नाही सांगता येत नाही. पण वक्फ वाचवा म्हणून मोर्चा काढणारी जमात आपली पत्रं भाड्याच्या खोलीत ठेवते आणि जो मालकीचा वाडा सगळ्यांसाठी उघडा आहे त्याकडे बघतही नाही, हे मला खुपतं.

त्या कब्रस्तान कमिटीला मी जानेवारीत एक कागद लिहून दिला. खातं सदराच्या नावाने नको, पदाच्या नावाने काढा. दुहेरी पडताळणीचे राखीव कोड कागदावर छापून खजांचीच्या पेटीत, रसीद बुकांशेजारी ठेवा. मेल एका लॅपटॉपवर उतरवा आणि दर महिन्याला दोन डिस्कवर प्रत घ्या, एक मस्जिदच्या कपाटात, एक दुसऱ्या गावी. नव्या सदरांनी कागद दुमडून खिशात ठेवला आणि म्हणाले, "अगले जुम्मे को बात करते." असे तीन जुम्मे झाले.

खजांचीची मुलगी बीएस्सीला आहे. तिने तो कागद वडिलांच्या सदऱ्यातून नाही, माझ्याकडून मागून घेतला. मागच्या रविवारी लॅपटॉप घेऊन दुकानात आली. एमबीसिंक तिने घरीच बसवला होता आणि बरोबर माझ्याच जागी अडकली होती. "चाचा, एकच मेल चार वेळा का येतोय?" आम्ही 'ऑल मेल' वगळलं. मग तिने विचारलं की फाइलच्या नावातला तो एस कसला.

२०१९ च्या त्या पत्राची आणि नकाशाची प्रत मिळावी म्हणून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज परवा गेला. दोन महिने उशीर झाला, कारण तोवर सगळे सदरसाहेबांचा पासवर्ड आठवत बसले होते. अर्ज तिने लिहिला, मराठीत. उत्तरासाठी पत्ता कमिटीच्या नव्या खात्याचा दिला आहे. नव्या सदरांना अजून ते सांगायचं आहे.